ज्यू लोक जुन्या काळी घरात नेमकं काय बोलायचे, हिब्रू का अरामी?

नंदनवनकर:

मंडळी, एक प्रश्न डोक्यात घुसून बसलाय, कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुठून कुठले विषय निघतील काही सांगता येत नाही, परवा येशूची भाषा कोणती यावरून जुंपली. एक म्हणे हिब्रू, ज्यू माणूस, त्याचं शास्त्र हिब्रूत, मग बोलणार दुसरं काय. दुसरा म्हणे अजिबात नाही, अरामी बोलायचा, त्यानं यूट्यूबवर कुठंतरी पाहिलं होतं. तिसरे आमचे सिनियर साहेब, त्यांनी तर निकालच देऊन टाकला, की हिब्रू म्हणजे त्यांची संस्कृत, बाबिलोनच्या राजानं पकडून नेलं तेव्हाच लोकांच्या तोंडून गेली, मग उरली ती पूजापाठापुरती.

मला काही पटलं नाही, पण बोलायला हातात मुद्दा नव्हता. माझं म्हणणं असं की आपल्या नागपुरातच पहा ना, घरी मराठी, बर्डीवर गेलो की "कैसे दिया भैया" आपोआप निघते तोंडातून, आणि गंमत म्हणजे तो भैया पण उमरेडचा, त्याच्या पण घरी मराठीच, तरी दोघं हिंदीत घासाघीस करून राहिलो, मग मधेच त्याला फोन येतो आणि तो "हो आई, निघालोच" म्हणतो तेव्हा समजतं. बँकेचा फॉर्म इंग्रजीत. आता तुमची भाषा कोणती असं कुणी विचारलं तर मी तर मराठीच सांगणार, पण दिवसभरात बोललो किती आणि काय ते पाहिलं तर हिशोब वेगळाच निघेल. तर त्या लोकांचं पण असंच काही होतं का, म्हणजे घरी एक, बाजारात एक, मंदिरात एक? आणि हे आज आपल्याला कळतं कशावरून? तेव्हा काही रेकॉर्डिंग नव्हतं. बायबलात लिहिलंय तेवढंच, का जमिनीतून अजून काही निघालंय? लंबं उत्तर चालेल, उलट लंबंच द्या.

महालचा मास्तर:

नंदनवनकर, तुमच्या साहेबांचं मत नवीन नाही. १८४५ मधे आब्राहाम गायगर नावाच्या जर्मन ज्यू विद्वानानं जवळपास हेच मांडलं होतं, की नंतरच्या काळातली हिब्रू ही पंडितांनी पाठशाळेत बसून घडवलेली भाषा, लोकांची नाही. मग १९०८ मधे मोशे सेगल यानं लेख लिहून उलटा मुद्दा मांडला, की त्या हिब्रूचं व्याकरण पहा, ते बसून बनवलेलं वाटतच नाही, ते बोलून बोलून घासलेलं आहे. सेगलकडं तेव्हा हातात पुरावा कमी होता, तो पुढं वाळवंटातल्या गुहांतून निघाला. पण आधी सुरुवातीपासून घेऊ.

बाबिलोनच्या आधी यहूदा राज्यातला, म्हणजे यरुशलेमच्या आसपासचा, साधा माणूस हिब्रू बोलायचा यात कुणाचंच दुमत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळ मेसाद हशाव्याहू नावाचा लहानसा किल्ला आहे, तिथं १९६० मधे शाईनं लिहिलेलं एक खापर सापडलं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटचं. त्यावर कापणीच्या एका मजुराची तक्रार आहे. तो म्हणतो, मी माझ्या वाट्याचं कापलं, मोजलं, कोठारात टाकलं, आणि तरी होशायाहू बेन शोबाय आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला, माझ्यासोबत उन्हात कापणी करणारे सगळे साक्ष देतील, माझी चूक नाही, माझं वस्त्र परत द्यायला लावा. तीच गोष्ट तो फिरून फिरून सांगतो, काम संपवलं, मग त्यानं वस्त्र नेलं, काम संपवलं आणि त्यानं नेलं. बहुतेक तो बोलत गेला आणि कारकून उतरवत गेला. चिडलेला माणूस बोलतो ना तसं आहे ते सगळं, आणि आहे हिब्रूत.

दुसरं लाखीश शहराचं. १९३५ मधे तिथल्या वेशीतल्या खोलीत खापरांवरची पत्रं मिळाली, यरुशलेम पडायच्या थोडं आधीची, म्हणजे इ.स.पू. ५८८ च्या आसपासची. त्यात एका फौजी माणसाला वरच्या साहेबानं लिहिलेलं असतं की तुला चिठ्ठी वाचता येत नाही. हे त्याला इतकं झोंबलं की तो देवाची शपथ घेऊन कळवतो, मला चिठ्ठी वाचून दाखवायला आजवर कुणी आलेलं नाही, आली की मी स्वतः वाचतो. हे पण हिब्रूत.

मग अरामी तेव्हा कुणाला येत होती? तर साहेब लोकांना. इ.स.पू. ७०१ मधे अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, त्याचा अधिकारी यरुशलेमच्या भिंतीबाहेर उभा राहून धमक्या देऊ लागला. बायबलात राजे नावाच्या दुसऱ्या पुस्तकात, १८ व्या अध्यायात, हा प्रसंग आहे. हिज्कीया राजाची माणसं त्याला हळूच म्हणतात, आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला समजते, भिंतीवर लोक बसलेत त्यांच्या कानावर यहूदी भाषेत, म्हणजे हिब्रूत, नको. तो काय करतो, मुद्दाम आवाज चढवून यहूदीतच बोलतो, कारण त्याला भिंतीवरच्या लोकांनाच ऐकवायचं असतं. म्हणजे त्या वर्षी दरबारी माणसांना दोन्ही यायच्या आणि शिपायाला एकच.

बाबिलोननं इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पाडलं आणि लोक नेले, पण सगळे नेले नाहीत हे विसरतात सगळे. दरबारी, कारागीर, पुरोहित असे कामाचे लोक नेले, गावातला शेतकरी बराचसा तिथंच राहिला. आणि परत आल्यानंतर शंभरेक वर्षांनी तिथला ज्यू सुभेदार नहेम्या काय म्हणतो पहा. काही लोकांनी अश्दोदच्या बायका केल्या होत्या आणि त्यांची अर्धी पोरं अश्दोदची भाषा बोलायची, त्यांना यहूदी भाषा येत नव्हती. यावर नहेम्या इतका भडकला की त्यानं बापांना शिव्या दिल्या, काहींना मारलं, केस उपटले. त्यानं हे स्वतःच लिहून ठेवलंय. आता भाषा मेलेलीच असती तर पोरांना ती येत नाही म्हणून इतकं भडकायचं कारणच नव्हतं ना.

ठेचाभाकर:

मास्तर येका दमात वाचलं. पन मले एक सांगा, हे अरामी होये तरी कोनाची? ज्यूची नाही, बाबिलोनवाल्याची नाही, इराण्याची बी नाही, मंग साऱ्याइच्या डोक्यावर कशी काय बसली?

महालचा मास्तर:

अरामी लोकांची, आजच्या सीरियाकडचे. त्यांचं दमास्कस अश्शूरनं इ.स.पू. ७३२ मधे जिंकलं, लोक उचलून साम्राज्यात इकडं तिकडं वसवले, त्यांच्यातले कितीतरी कारकून झाले. जिंकले अश्शूरवाले, पण भाषा पसरली हरलेल्यांची. कारण सोपं आहे, अश्शूर आणि बाबिलोनची लिपी म्हणजे ओल्या मातीत टोचायची शेकडो चिन्हं, शिकायला वर्षं जायची, आणि अरामीची २२ अक्षरं, चामड्यावर नाहीतर पपायरसवर शाईनं भराभर लिहा, गुंडाळा, पाठवा. इ.स.पू. ५३९ मधे इराणच्या कुरुशनं बाबिलोन घेतलं, आणि पुढं इराण्यांनी हीच भाषा इजिप्तपासून थेट आपल्या बाजूपर्यंत सरकारी कामाला लावली. अशोकाचा कंदाहारचा शिलालेख ग्रीक आणि अरामीत आहे तो त्यामुळंच. शिवाय हिब्रू आणि अरामी सख्ख्या बहिणी, मुलगा म्हणजे हिब्रूत बेन, अरामीत बार, एवढाच फरक बऱ्याच ठिकाणी. ज्यू माणसाला ती शिकायला जड नव्हती.

ठेचाभाकर:

म्हंजे आपल्या सीपी अँड बेरारवानीच झालं. नागपूरची राजधानी १९५६ ले भोपाळले गेली, पन हिंदी बर्डीवरच रायली, थे काही गाडीत बसून गेली नाही.

वकीलीणबाई:

मी दस्त वाचून पोट भरते त्यामुळे मला या विषयात पंडितांपेक्षा कागदच जास्त बोलके वाटतात. नाईल नदीत अस्वानजवळ एलेफंटाइन नावाचं बेट आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथं इराणच्या नोकरीतले ज्यू शिपाई बायकापोरांसकट राहायचे, त्यांचं याहू देवाचं मंदिर पण होतं. त्यांचे कागद सापडलेत, कर्ज, घराची वाटणी, लग्न, घटस्फोट, आणि ते सगळे अरामीत. नावं बघावी तर हिब्रू वळणाची, अनन्या, मशुल्लाम, यदन्या, आणि मजकूर अरामी. इ.स.पू. ४४९ चा एक लग्नाचा करार आहे, नवरा मंदिराचा सेवक अनन्या आणि बायको तामेत नावाची इजिप्तची दासी. बिचारीनं सोबत काय आणलं त्याची यादी आहे, लोकरीचं एक वस्त्र, आरसा, वहाणांचा जोड, थोडं सुगंधी तेल, एरंडेल. आणि पुढं कलम आहे की दोघांपैकी कुणीही सभेत उभं राहून हे लग्न नको म्हणू शकतं. दोघांपैकी कुणीही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासलं. हे शिपाई घरात काय बोलायचे ते कागद सांगत नाही, पण सही करताना अरामीच हे नक्की.

आता तिथून साडेपाचशे वर्षं पुढं या. मृत समुद्राच्या दक्षिणेला माहोझा गावात बाबाथा नावाची ज्यू बाई, खजुराच्या बागांची मालकीण, दोनदा विधवा. रोमविरुद्धच्या बंडाच्या गडबडीत ती गुहेत लपायला गेली, सोबत चामड्याच्या थैलीत आपले कागद घेऊन, आणि ती थैली १९६१ मधे यिगाएल यादीनच्या लोकांना सापडली. ३५ कागद, इ.स. ९४ ते १३२ या काळातले. तिच्या मुलाचे पालक त्याला महिन्याला दोन दीनार देत होते, हिला ते कमी वाटत होते, म्हणून हिनं दावा केला. हे दाव्याचे कागद ग्रीकमधे, कारण गाव इ.स. १०६ मधे रोमच्या हातात गेलेलं आणि सुनावणी रोमन अंमलदारापुढं. त्याआधीचे जमिनीचे कागद नबातीत, ती पण अरामीचीच एक जात. आणि दुसऱ्या नवऱ्याशी लग्नाचा करार शुद्ध अरामीत. ग्रीक कागदाखाली साक्षीदार परत अरामी नाहीतर नबातीत सह्या करतात. बाबाथाला स्वतःला अक्षरओळख नव्हती, तिच्या वतीनं दुसऱ्यानं लिहिलं असं कागदावरच नमूद आहे. तरी पण एकेक कागद जपून ठेवला बाईनं, कारण तिला पक्कं माहीत होतं कुठल्या भाषेतला कागद कुठल्या दारात चालतो.

आणि ही सवय अजून गेलेली नाही. ज्यू लग्नातला करार, केतुबा म्हणतात त्याला, तो आज पण अरामीतच लिहितात, आणि घटस्फोटाचा कागद पण. आपल्याकडं घरी मराठी बोलणारा ज्यू असेल, रायगडकडचे बेने इस्राएल, तरी प्रार्थना हिब्रूत.

इतवारी एक्सप्रेस:

सगळं वाचलं, छान आहे, पण मास्तर तुम्ही हिब्रूच्या बाजूनं जरा जास्तच झुकलेले वाटून राहिले मला. मूळ प्रश्न येशूचा होता, त्यावर कुणी बोललंच नाही. मार्कनं ग्रीकमधे शुभवर्तमान लिहिलं पण येशूचे काही शब्द तसेच ठेवले, आपल्या मराठी बायबलात पण आहेत, मेलेल्या पोरीला "तलीथा कूम", बहिऱ्याला "एफ्फाथा", बापाला हाक "अब्बा", आणि क्रुसावर "एलोई एलोई लमा सबख्थनी". हे सगळं अरामी आहे. त्यातलं शेवटचं तर २२ वं स्तोत्र आहे, मूळ हिब्रूत तिथं "अझाब्तानी" आहे, आणि हा माणूस मरताना ते अरामीत म्हणतो. मरताना कुणी अनुवाद करत बसत नाही.

गालीलमधे, म्हणजे येशूच्या उत्तरेकडच्या भागात, अरामीच होती, आणि ती पण कशी, तर यहूदाकडचे लोक हसायचे अशी. तालमूदमधे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, रब्बींच्या, चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, किस्सा आहे. एक गालीलवाला विचारत फिरतो, "अमार कुणाकडं आहे?" लोक म्हणतात, अरे येड्या, तुला बसायला गाढव पाहिजे का प्यायला दारू, अंगावर घालायला लोकर पाहिजे का कापायला कोकरू? गाढव हमार, दारू हमार, लोकर अमार, कोकरू इम्मार, आणि हा गडी घशातले सगळे आवाज गिळून टाकतो त्यामुळं समोरच्याला काही पत्ता लागत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पण तेच झालं, यरुशलेममधे अंगणात शेकत बसला होता, लोकांनी बोलण्यावरून ओळखला की हा त्या गालीलवाल्या येशूसोबतचा. पुण्याला गेल्यावर आपण तोंड उघडलं की काय होते ते आठवा.

अजून एक, सभास्थानात तोरा, म्हणजे बायबलातली पहिली पाच पुस्तकं, हिब्रूत वाचायचे आणि बाजूला उभा माणूस प्रत्येक ओळीनंतर अरामीत सांगायचा. त्याचे नियम मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, आहेत, तोरा असेल तर एका वेळी एकच ओळ वाचा, संदेष्ट्यांची पुस्तकं असतील तर तीन चालतील. लोकांना हिब्रू समजत असती तर हा उपद्व्याप कशाला? येमेनचे ज्यू तर अजून हे पाळतात.

आणि नव्या करारात "इब्री भाषेत", म्हणजे हिब्रूत, असं लिहिलेलं दिसलं म्हणून लगेच उड्या मारू नका. योहान गब्बथा आणि गुलगुथा हे इब्री शब्द म्हणून देतो, दोन्ही अरामी आहेत. ग्रीक लिहिणाऱ्याला ज्यू लोकांची भाषा ती इब्री, एवढंच.

नंदनवनकर:

बापरे, मी एक टाकलं आणि इथं तर अख्खं खातं उघडलं. वकीलीणबाई, बाबाथाचं वाचून मजा आली, आमच्या आत्याकडं पण अशीच एक थैली आहे. पण आता मी जास्तच गोंधळलो. इतवारी म्हणतात तसं येशू अरामीवाला, मग मास्तर तुम्ही म्हणता त्या "बोलून घासलेल्या" हिब्रूचं काय? ती कुठं बोलत होते आणि कधीपर्यंत? उद्या साहेबांसमोर एक तरी गोष्ट ठोकून सांगता आली पाहिजे, तर्री पोहे लागलेत त्याच्यावर.

महालचा मास्तर:

इतवारी, येशूच्या बाबतीत तुमचं सगळं मान्य, माझा वाद तिथं नाहीच. तुम्ही गालीलचं बोलताय, मी खाली यहूदाच्या डोंगराळ गावांचं बोलतोय, दोन्हींत तीन चार दिवसांच्या पायी चालीचं अंतर आहे आणि बोलण्यात पण तेवढंच असू शकतं. दुभाष्याचं म्हणाल तर बायबलची हिब्रू तेव्हाच शेकडो वर्षं जुनी झालेली होती, घरी साधी हिब्रू बोलणाऱ्याला पण यशया संदेष्ट्याचं पुस्तक सरळ समजेल असं नाही.

आता ठोकून सांगायची गोष्ट. इ.स. १३२ मधे रोमविरुद्ध शेवटचं मोठं बंड झालं, पुढारी शिमोन, लोक त्याला बार कोखबा म्हणतात पण कागदावर त्याचं नाव बेन कोसिबा, नाहीतर बार कोसिबा. त्याची स्वतःची पत्रं गुहांत सापडली, काही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वादी मुरब्बातमधे, काही १९६० मधे नहाल हेवेरला, आणि ती तीन भाषांत आहेत. एक अरामी पत्र आहे, विषय काय तर मांडवांचा सण जवळ आलाय आणि छावणीला सामान पाहिजे. तो यहूदा बार मनश्शेला लिहितो, दोन गाढवं पाठवतोय, त्यांच्यासोबत माणसं दे, खजुराच्या झावळ्या आणि महाळुंग आणायचेत, आणि तू तिकडून विलायती मेंदीच्या आणि वाळुंजाच्या फांद्या पाठव. लढाई चालू आहे आणि हा माणूस फांद्या मोजून राहिला. त्याच सामानाची मागणी करणारं दुसरं पत्र ग्रीकमधे, लिहिणारा सौमायोस, आणि तोच सांगतो की हिब्रूत लिहायला जमलं नाही म्हणून ग्रीकमधे लिहिलं. नेमकं का जमलं नाही तो शब्द तिथंच फाटलाय, त्यावरून विद्वान अजून भांडतात.

आणि तिसरी जात हिब्रू. त्यातल्या एका पत्रात शिमोन आपल्याच माणसाला, येशुआ बेन गालगुलाला, दम देतो की तुझ्याकडच्या गालीलवाल्यांना कुणी त्रास दिला तर आकाशाला साक्षी ठेवून सांगतो, तुमच्या पायात बेड्या घालीन, बेन अफलूलला घातल्या तशा. आता इथं व्याकरण पहा. पुस्तकी हिब्रूत "आकाशाला" म्हणजे "एत हाशामायिम", हे दोन तुकडे वेगळे लिहायचे. पत्रात लिहिलंय "तशामायिम", एत आणि हा दोन्ही चिरडून नुसता त. जसं कानाला ऐकू येतं तसं. ग्रंथ वाचून हिब्रू शिकलेला माणूस अशी चूक करूच शकत नाही, ही चूक फक्त बोलणारा करतो. काही लोक म्हणतात बार कोखबानं अभिमान म्हणून हिब्रू परत आणली, त्याच्या नाण्यांवर जुनी लिपी आहे ना, त्यावरून. नाण्यांचं ठीक आहे, नाणं सरकारच्या डोक्यातून निघतं, पण "तशामायिम" असं कुणी हुकूम काढून लिहायला लावत नाही.

मिश्ना पण तशीच आहे. इ.स. २०० च्या आसपास गालीलमधे रब्बी यहूदा हनासीनं ती एकत्र केली, आणि तिची हिब्रू बायबलसारखी नाही. मालकी दाखवायला "शेल" हा नवा शब्द, क्रियापदांची जुनी रचना मोडलेली, अनेकवचनाला अरामीसारखा न. त्यात गाढवाचं भाडं, चुलीवरची हांडी, शेजाऱ्याच्या भिंतीचा वाद असे विषय. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या साधारण नऊशे हस्तलिखितांत पण हिब्रूच जास्त, अरामी त्याच्यापेक्षा बरीच कमी. आणि तिथलं तांब्याच्या पत्र्यावरचं लेखन, ज्यात कुठं काय पुरलंय त्याची यादी आहे, ते मिश्नाच्या हिब्रूच्या जवळचं आहे.

पण खरी गंमत रब्बी यहूदाच्या घरच्या दासीची. तालमूदमधे आहे की त्याच्या शिष्यांना काही हिब्रू शब्दांचे अर्थ लागेनात. मग ते लोक एकेक दोनदोन करत घरात शिरताना ती दासी ओरडली, अजून किती वेळ असे "सेरुगीन सेरुगीन" येणार? तेव्हा कळलं, थांबून थांबून, तुटक तुटक. दुसऱ्या वेळी एकाच्या हातून घोळीची भाजी सांडत होती तर ती म्हणाली, किती सांडशील तुझी "हलोगलोगोत"! आणि झाडू आण, घर झाड, असं तिनं कुणाला तरी सांगितलं, त्या शब्दांवरून यशयातला "मतातेय" उलगडला, पंडितांचं तिथंच अडलं होतं. म्हणजे शिकलेल्या माणसांना जे कोड्यात टाकत होतं ते घर झाडणाऱ्या बाईच्या रोजच्या तोंडात होतं.

आता कधीपर्यंत. बंड इ.स. १३५ च्या सुमारास चिरडलं. रोमन इतिहासकार दिओ लिहितो ५० किल्ले आणि ९८५ गावं उद्ध्वस्त, पाच लाख ऐंशी हजार मेले. आकडे फुगवलेले धरले तरी ही नेमकी तीच गावं जिथं हिब्रू बोलली जात होती. वाचले ते गालीलला गेले, अरामीवाल्यांत, आणि दोन पिढ्यांत विषय संपला. साहेबांना सांगा, बाबिलोन नाही, रोम. सातशे वर्षांची चूक आहे.

ठेचाभाकर:

घोळीची भाजी दोन हजार वर्षं जुनी निंगाली, वा. आमच्याकडे बेसन लावून करते माय.

मास्तर, मी एक वाचलं होतं का देवदूताइले अरामी समजत नाही म्हने, म्हनून प्रार्थना अरामीत करू नोका. खरं का खोटं?

इतवारी एक्सप्रेस:

खरं आहे, तालमूदमधे रब्बी योहानानच्या नावावर आहे. तिसऱ्या शतकातला तिबेर्याचा माणूस, म्हणजे आजूबाजूला सगळा गाव अरामीत बोलणारा. लोक अरामीत नवस बोलून राहिले असतील तेव्हाच असं सांगायची वेळ येते, नाहीतर कशाला सांगेल. आणि मास्तरांच्या यहूदा हनासीचं पण एक आहे, की इस्राएलच्या भूमीत ही सुरसी म्हणजे अरामी कशाला, एकतर पवित्र भाषा बोला नाहीतर ग्रीक. म्हणजे तो ओरडून राहिला होता आणि लोक ऐकत नव्हते. दुसऱ्या एका रब्बीची वाटणी मला जास्त आवडते, ग्रीक गाण्याला, लॅटिन लढाईला, अरामी रडण्याला आणि हिब्रू बोलण्याला.

मृतांसाठी म्हणतात तो कद्दीश बराचसा अरामीत आहे, बाबिलोनचा तालमूद पण. आणि अरामी नंतर पण मेली नाही हं. कुर्दिस्तानातल्या झाखो वगैरे गावातले ज्यू विसाव्या शतकापर्यंत घरात अरामीच बोलत होते, १९५० आणि ५१ मधे ते इस्राएलला गेले आणि तिथं त्यांच्या पोरांनी शाळेत जाऊन हिब्रू धरली.

नंदनवनकर:

शेवटचं एक विचारतो मग जेवायला जातो. दोन्हींची लिपी एकच होती का? म्हणजे आपली मराठी हिंदी एकाच देवनागरीत, त्यामुळं बोर्ड दुरून पाहिला तर कधीकधी कळतच नाही कोणता आहे.

महालचा मास्तर:

आधी वेगळी होती. ते मजुराचं खापर, लाखीशची पत्रं, सगळी जुन्या हिब्रू लिपीत. इराणी काळापासून ज्यूंनी अरामी लिपी घेतली, आज जी चौकोनी हिब्रू अक्षरं दिसतात ती मुळात अरामी कारकुनांची. जुनी लिपी नाण्यांवर उरली, आणि कुमरानच्या काही गुंडाळ्यांत सगळा मजकूर चौकोनी अक्षरांत आणि फक्त देवाचं नाव जुन्या लिपीत आहे. शोमरोनी लोकांनी मात्र ती सोडली नाही, नाब्लुसजवळ गरिजीम डोंगरावर त्यांची वस्ती आहे, त्यांचा तोरा अजून त्याच जुन्या लिपीच्या वळणात लिहितात.